‘त्यांनाच वेगळं राहायचं होतं’ हे साफ खोटं आहे

एक मजकूर खूप फिरतोय: “अमेरिकेत काळ्यांची चर्च वेगळी आहेत ती त्यांच्याच मर्जीने. देवाच्या दारात त्यांना कुणी अडवलं नव्हतं. वंश वेगळे राहावेत असं बायबलच सांगतं. आणि १९६४च्या कायद्यानंतर तर विषयच संपला.” वाचून राग आला, म्हणून लिहितोय.

मर्जीने? अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये (मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या) रिचर्ड ॲलन हे कृष्णवर्णीय उपदेशक उपदेश करत. तिथली गॅलरी बांधायला, नवी जमीन घालायला कृष्णवर्णीय सभासदांनी भरघोस वर्गणी दिली होती. मग एका रविवारी त्यांना त्याच गॅलरीत पाठवलं गेलं. प्रार्थना सुरू झाली, सगळे गुडघ्यांवर होते, आणि चर्चचा एक विश्वस्त ॲलन यांचे कृष्णवर्णीय सहकारी ॲब्सालम जोन्स यांना धरून उठवू लागला. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, जोन्स म्हणाले. तो थांबला नाही. प्रार्थना आटोपताच ते सगळे एकत्र बाहेर पडले.

एवढं होऊनही ॲलन यांनी मेथडिस्ट पंथ सोडला नाही. लोहाराचं जुनं दुकान घोड्यांनी ओढून आणून १७९४मध्ये त्यांनी बेथेल चर्च उभं केलं, तेही त्याच पंथात. गोरे मेथडिस्ट मात्र त्याचा ताबा मागत राहिले. १८१६मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ निघाला. मधे बावीस वर्षं गेली. वेगळं व्हायची हौस असलेला माणूस एवढी वर्षं कोर्टाची पायरी चढेपर्यंत थांबतो का?

आणि ‘कुणी अडवलं नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी मिसिसिपीतल्या जॅक्सनचं गॅलोवे मेथडिस्ट चर्च आठवावं. जून १९६३मध्ये तिथे पाच कृष्णवर्णीयांना दारातून परत पाठवलं. अठरा वर्षं तिथे सेवा करणारे पाळक डब्ल्यू. बी. सेला यांनी, मी आता इथे राहू शकत नाही, असं तिथल्या तिथे सांगून पद सोडलं. पुढच्या वर्षी ईस्टरला दोन बिशप आले: कृष्णवर्णीय चार्ल्स गोल्डन आणि गोरे जेम्स मॅथ्यूज. दोघांनाही आत घेतलं नाही. हे मॅथ्यूज आधी मुंबईत मिशनरी होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचे अभ्यासक होते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्यांना माहीत आहे, त्यांना हे बंद दार वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

बायबलचं म्हणाल, तर वेगळेपणाच्या समर्थनासाठी ‘प्रेषितांची कृत्ये’ १७:२६ पुढे केलं जायचं, कारण त्यात राष्ट्रांच्या सीमांचा उल्लेख आहे. तेच वचन सुरू होतं सगळी राष्ट्रं देवाने एकापासून निर्माण केली या शब्दांनी. तेवढा भाग गाळून वाचायचा हे मला अक्षम्य वाटतं.

राहिला कायदा. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं, थिएटरं सगळ्या वंशांना खुली केली. चर्चमध्ये कुणाला बसू द्यावं हे त्याने ठरवलं नाही. मेथडिस्टांनी १९३९मध्ये कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) वेगळा विभागच काढला होता, तो १९६८पर्यंत टिकला. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी होता यावं या वादातून १८४५मध्ये निघालेल्या सदर्न बॅप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाने गुलामगिरी आणि वंशभेदाबद्दल माफी मागितली ती १९९५मध्ये. ज्या मंडळीत कुठल्याही एका वंशाचे लोक ८० टक्क्यांहून जास्त नाहीत तिला मिश्र धरलं, तर अमेरिकेत अशा मंडळ्या १९९८मध्ये सुमारे ६ टक्के होत्या, २०१९मध्ये १६. उरलेल्या ८४ टक्क्यांत २०१९मध्येही पाचातले चारहून जास्त लोक एकाच वंशाचे होते.