सेल्व्हन म्हणजे फक्त लंडन नव्हे

कॅरिबियन बेटांतल्या त्रिनिदादचा कादंबरीकार सॅम सेल्व्हन याच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, गाडी लंडनमधल्या कॅरिबियन स्थलांतरितांवरच्या त्याच्या १९५६च्या 'द लोनली लंडनर्स' या कादंबरीवर येऊन थांबते. पुस्तक थोर आहे, वाद नाही. पण तीस वर्षांचं लेखन एकाच पुस्तकात गुंडाळायचं, हे काही मला पटत नाही.

माझ्या मते त्याची खरी किल्ली पहिल्या कादंबरीत आहे, 'अ ब्रायटर सन' (१९५२). त्रिनिदादच्या ऊसपट्ट्यातला टायगर, वय सोळा. १९३९ साली घरचे त्याचं लग्न लावतात आणि बायको ऊर्मिलेसकट बाराटारिया या गावी पाठवून देतात. शेजारी जो आणि रीटा, काळं जोडपं. टायगरच्या आईबापांना हा शेजार खुपतो, पण ऊर्मिलेच्या बाळंतपणाला धावून येते ती रीटाच. महायुद्धात अमेरिकन लोक रस्ता बांधायला येतात, टायगर त्यांच्याकडे कामाला लागतो, एकदा साहेबांना जेवायलाही बोलावतो. ऊर्मिला त्या दिवशी नटली, एवढ्यावरून पोटुशी बायकोला लाथ घालतो. मूल मेलेलं जन्मतं. सेल्व्हन टायगरला पाठीशी घालत नाही, आणि त्याचा खलनायकही करत नाही. हे फार कमी जणांना जमतं.

सेल्व्हन स्वतः भारतीय वंशाचा (आईकडून थोडा स्कॉटिशही), आणि लंडनच्या कादंबरीचा नायक मोझेस मात्र काळा. रीटाच्या शेजारधर्मातूनच तो मोझेसपर्यंत पोचला, असं मला वाटतं. फक्त लंडनच्या पुस्तकावर लिहिणारे हा दुवा बघतच नाहीत.

भाषेचंही तसंच. पहिल्या कादंबरीत आपल्या बऱ्याच ग्रामीण कादंबऱ्यांसारखं संवाद बोलीत, निवेदन प्रमाण. लंडनची गोष्टही त्याने आधी प्रमाण इंग्रजीत लिहून पाहिली, पण जमेना. निवेदनच त्रिनिदादी बोलीत घेतलं तेव्हा सुटली. मोझेसचा भुकेला मित्र गॅलहाड बागेतलं कबूतर पकडतो, कुत्रं फिरवणारी बाई त्याच्यावर किंचाळते, तो खिशात पक्षी कोंबून पळतो. मग मोझेस आणि तो भाताबरोबर ते कबूतर खातात. हसू येतं, आणि हसल्याची लाजही वाटते. प्रमाण भाषेत याची नुसती करुण कहाणी झाली असती.

एक तक्रार आहेच. लंडनच्या पुस्तकात बायका म्हणजे पोरांनी गटवायचा माल. अपवाद टँटी नावाच्या म्हातारीचा, जी वाण्याला उधारी द्यायला भाग पाडते. ऊर्मिला आणि रीटा लिहिणाऱ्या माणसाने इतकं हात आखडता घ्यावा?

१९७५च्या 'मोझेस असेंडिंग'मध्ये मोझेस पडकं घर विकत घेऊन घरमालक होतो, गोरा गडी ठेवतो आणि आत्मचरित्र लिहायला बसतो. काहींना ही काळ्यांच्या हक्कांच्या 'ब्लॅक पॉवर' चळवळीची टवाळी वाटली. मला तर त्याने स्वतःलाच झोडलंय असं वाटतं. आणि गंमत बघा, १९७८ला कॅनडात गेल्यावर सेल्व्हनने कॅलगरी विद्यापीठात काही महिने झाडलोटीचं काम केलं. निवासी लेखकाचा मान तिथे नंतर मिळाला.

वाचायचंच तर टायगरपासून सुरू करा. मोझेसचं १९८३चं तिसरं पुस्तक ढिलं आहे, राहिलं तरी चालेल.