डॉक्टरला सगळं सांगायचं नसतं

उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ला टेकतो, पावसाळ्यात शेतातली कामं असतात आणि हिवाळ्यात भरीत असतं. दवाखान्यात जायचं तरी कधी? त्यापेक्षा मोबाइलवरचा डॉक्टर बरा. पथ्य एकच, त्याला सगळं सांगायचं नाही.

रिपोर्ट तीन पानांचा असेल तर फोटो एकाच ओळीचा पाठवा, ठळक अक्षरातल्या आकड्याचा. नॉर्मलची हद्द साधारणपणे ९५ टक्के निरोगी माणसं आत बसतील अशीच आखतात, म्हणून विसात एखादा धडधाकट माणूसही बाहेर जातो, असं कुणी समजावू लागलं तर दुसरा डॉक्टर गाठा. आपण आजार विचारायला आलोय, गणित शिकायला नाही.

साखरेचं मात्र उलटं. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं उकरून काढते, अगदी जुन्या फेरफारासारखी. ती दडवा. दोन दिवस जिलबी सोडून केलेली उपाशीपोटीची साखर पुढे करा. गोळी आखाजीपासून बंद आहे हे आपणहून सांगू नका. विचारलंच तर 'चालू आहे' म्हणा. चालू होतीच की, आखाजीपर्यंत. डोळे पिवळे दिसतात का विचारलं, तर पिवळ्या बल्बखाली बसून फोटो काढा.

२०२०च्या टेलिमेडिसिन नियमावलीप्रमाणे डॉक्टरने पेशंटचं नाव-वय विचारायचं असतं आणि चिठ्ठीवर स्वतःचा नोंदणी क्रमांक द्यायचा असतो. क्रमांक कोण बघतं म्हणा! नाव-वय पुतण्याचं टाका, अॅपचं खातं त्याचंच आहे. वय २४. छाती नानांची, वय ६८.

नाना म्हणतात, "छातीमा दुखस रे." पुतण्या टाइप करतो, 'किरकोळ गॅस'. काल मळ्यात भरीत पार्टी झालेली, वर कळण्याची भाकरी आणि ठेचा, म्हणजे निदान घरीच झालेलं. आता फक्त गोळीचं नाव हवं. पण डॉक्टर चिवट. घाम येतोय का? दुखणं हातात, जबड्यात जातंय का? पेशंट नक्की २४ वर्षांचाच आहे ना? तसं काही असेल तर थांबू नका, १०८ला फोन करा.

एवढ्या चौकशा करायच्या तर फी कशाची घेतली? पुतण्याने एक स्टार देऊन टाकलाय आणि आता दुसरं अॅप डाउनलोड होतंय. गावात रेंज कमी, वेळ लागणारच. नाना ओट्यावर बसलेत. डिसेंबरची पहाट आहे, शेजारी शेकोटीला हात धरून बसलेत आणि नाना उपरण्याने घाम पुसताहेत.