साइन्ड इंग्लिशमुळे वाचन आपोआप येत नाही

अमेरिकेतल्या कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाबद्दल एक दावा सतत फिरतो: साइन्ड इंग्लिशमध्ये, म्हणजे इंग्रजी वाक्य त्याच क्रमाने खुणांनी दाखवण्याच्या पद्धतीत, इंग्रजीचा प्रत्येक शब्द हातांवर दिसतो, त्यामुळे मूल आपोआप वाचू लागतं; उलट अमेरिकन सांकेतिक भाषेचं, म्हणजे एएसएलचं, व्याकरण वेगळं, म्हणून ती वाचनाच्या आड येते. या भरवशावर पालक मुलाची भाषा शिकण्याची मोलाची वर्षं घालवतात.

‘प्रत्येक शब्द दिसतो.’ नियमात दिसतो, वर्गात क्वचितच. बेलुजी आणि फिशर या संशोधकांनी १९७२ मध्ये दाखवलं की एक खूण करायला एक शब्द उच्चारण्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. एएसएल ही कसर जागा, दिशा आणि चेहरा वापरून भरून काढते. साइन्ड इंग्लिशला एकामागून एक खुणाच कराव्या लागतात. शिक्षक त्याच वेळी बोलतही असेल तर हात मागे पडतात आणि प्रत्ययांसारखे बारीक तुकडे गळतात. मार्मर आणि पेटिटो यांना १९७९ मध्ये शिक्षकांच्या खुणांत नेमकं हेच आढळलं.

‘द डॉग वॉज चेस्ड बाय द बॉय’ (मुलाने कुत्र्याचा पाठलाग केला) हे वाक्य घ्या. ‘वॉज’, ‘-एड’ आणि ‘बाय’ गळाले की उरतं कुत्रा, पाठलाग, मुलगा. पळणारा आणि पाठलाग करणारा यांची अदलाबदल झाली, आणि वाचतानाही मूल हीच चूक करतं.

‘मग काटेकोरपणे दाखवा.’ तसं केल्याने काही मुलांना फायदा होतो, हे मान्य. पण शिक आणि मोलर यांच्या १९९२च्या अभ्यासात अशा मुलांची गुंतागुंतीची वाक्यं चांगली होती, तरी प्रत्यय आणि साहाय्यक क्रियापदं कच्चीच राहिली होती.

‘एएसएल आड येते.’ स्ट्राँग आणि प्रिन्झ यांनी १९९७ मध्ये ८ ते १५ वयाच्या दीडशेहून अधिक कर्णबधिर विद्यार्थ्यांची तपासणी केली. ज्यांची एएसएल चांगली, त्यांचं इंग्रजी वाचन-लेखनही सरस निघालं. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण ‘आड येते’ हे म्हणणं मात्र टिकत नाही.

‘खूण ओळखली की छापील शब्द ओळखता येतो.’ खुणेत अक्षरं नसतात, त्यामुळे ती सांधेजोड शिकवावीच लागते. छापील शब्दावर बोट ठेवायचं, बोटांनी स्पेलिंग करायचं, खूण करायची, पुन्हा छापील शब्दाकडे यायचं. वरचं वाक्य शिकवताना आधी एएसएलमध्ये कुत्रा एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला ठेवा. पाठलागाची हालचाल मुलाकडून कुत्र्याकडे न्या. अर्थ पक्का झाला की ‘वॉज’, ‘-एड’, ‘बाय’ अधोरेखित करा. खाली ‘द डॉग चेस्ड द बॉय’ लिहा आणि दोन्ही वाक्यांना योग्य चित्र लावायला सांगा. चित्रं उलटी लागली तर तीच खूण पुन्हा मोठी करून दाखवू नका. एएसएलमधल्या अर्थाकडे परत जा.