अमोनियाचा प्रवाह आणि फ्लोटची रेघ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गॅस नायट्रायडिंगच्या, म्हणजे अमोनियातील नायट्रोजन पोलादाच्या पृष्ठभागात मुरवून तो कठीण करण्याच्या, भट्टीत अमोनियाचा प्रवाह कसा राखावा, या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. पंचवीस वर्षे रोटामीटर (काचेच्या उभ्या नळीतला फ्लोट ज्या रेघेवर तरंगतो त्यावरून प्रवाह दाखवणारे उपकरण) आणि हाताने फिरवायच्या नीडल व्हॉल्व्हवर भट्टी चालवून माल पास होत आला असताना महागडा मास फ्लो कंट्रोलर (प्रवाह मोजून तो आपोआप राखणारे उपकरण) कशासाठी, हा पहिला. असा कंट्रोलर ‘वस्तुमान थेट मोजतो’ हे माझे विधान चुकीचे आहे, हा दुसरा. आणि नायट्रोजनच्या एकाच लाइनवर एकापाठोपाठ दोन डिजिटल कंट्रोलर बसवले असता त्यांच्या आकड्यांत सात टक्क्यांचा फरक दिसला, तेव्हा या उपकरणांवर विश्वास कसा ठेवावा, हा तिसरा.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. थर्मल प्रकारच्या कंट्रोलरमध्ये वायूचा लहानसा हिस्सा एका बारीक नळीतून नेला जातो. त्या नळीवर तापवलेल्या तारेची दोन वेटोळी असतात. वाहता वायू पहिल्या वेटोळ्याची उष्णता दुसऱ्याकडे नेतो आणि दोहोंच्या तापमानांतील फरक मोजला जातो. म्हणजे हे उपकरण मोजते ती वाहून नेलेली उष्णता, आणि त्यावरून काढलेला वस्तुमानाचा आकडा वायूच्या विशिष्ट उष्णतेवर अवलंबून राहतो. नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेल्या कंट्रोलरमधून अमोनिया सोडला, तर पडद्यावर १०० दिसत असताना प्रत्यक्षात सुमारे ७३ इतकाच वायू जात असतो; आर्गॉन सोडला तर तोच आकडा १४० च्या आसपास असतो. वस्तुमान खऱ्या अर्थाने थेट मोजते ते कोरिऑलिस मीटर. त्यातील कंप पावणाऱ्या नळीच्या आवक आणि जावक बाजूंच्या कंपनांत जे कालांतर पडते, ते वस्तुमानाच्या प्रवाहाशी प्रमाणात असते, मग आत वायू असो वा द्रव. मी या दोन्ही उपकरणांना एकाच वाक्यात बसवले, ही चूक होती. मूळ लेखातील तो परिच्छेद आज बदलला आहे.

सात टक्क्यांच्या फरकाबद्दल मात्र दोन्ही उपकरणे निर्दोष असण्याची दाट शक्यता मला दिसते. वायूचा ‘प्रमाणित लिटर’ म्हणजे ठरावीक दाब आणि ठरावीक तापमानाला मोजलेला लिटर, आणि हे तापमान सर्व उत्पादक एकच धरत नाहीत. कोणी ०° सेल्सिअस धरतो, कोणी २०°. एक मोल वायू वातावरणाच्या प्रमाण दाबाला ०° वर २२.४१ लिटर जागा व्यापतो आणि २०° वर २४.०५ लिटर, या दोन आकड्यांचे गुणोत्तर १.०७३ येते. आपण लिहिलेला फरक जवळजवळ एवढाच आहे. दोन्ही कंट्रोलरच्या नेमप्लेटवर किंवा कॅलिब्रेशनच्या दाखल्यावर संदर्भ तापमान छापलेले असते. ते एकदा पाहावे. जास्त आकडा दाखवणारा कंट्रोलर २०° वाला निघाला, तर तो प्रश्न तिथेच मिटतो. अचूकतेचे ‘±१ टक्का’ हे पूर्ण क्षमतेवर आहे की प्रत्यक्ष वाचनावर, हेही त्याच दाखल्यात तपासावे, कारण १०० लिटर क्षमतेचे उपकरण २० लिटरवर चालवले की पहिल्या अर्थाचा एक टक्का प्रत्यक्षात पाच टक्के होतो.

आता पहिला आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आक्षेप. रोटामीटर वाईट उपकरण आहे असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. पण त्याच्या काचेवरील आकडा एका विशिष्ट वायूसाठी, विशिष्ट दाबासाठी आणि विशिष्ट तापमानासाठीच खरा असतो. फ्लोट त्याच रेघेवर असताना प्रमाणित लिटरमधील प्रवाह वायूच्या निरपेक्ष दाबाच्या (गेजवरील दाब अधिक वातावरणाचा दाब) वर्गमुळानुसार बदलतो. हवेसाठी आखलेली नळी अमोनियावर लावली, तर वायूच्या हलकेपणामुळेच खरा प्रवाह वाचनापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त असतो.

काही वर्षांपूर्वी पुणे परिसरातील एका हीट ट्रीटमेंट कारखान्यात मी हे प्रत्यक्ष पाहिले. हिवाळ्यात रात्रपाळीच्या मालात व्हाइट लेयरची, म्हणजे नायट्रायडिंगने पृष्ठभागावर तयार होणाऱ्या कठीण थराची, जाडी कमीजास्त येत होती आणि दोष पोलादावर ढकलला जात होता. आम्ही रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करून स्थिर राखणारा व्हॉल्व्ह) आणि रोटामीटर यांच्यामध्ये एक साधा प्रेशर गेज बसवला आणि दर तासाला वाचन घेतले. सिलिंडरमधील द्रव अमोनियाची वाफ होताना तो स्वतःचीच उष्णता वापरतो, त्यामुळे सतत उपसा असलेल्या सिलिंडरवर बर्फ चढतो आणि आतला दाब घसरतो. तो रेग्युलेटर जुना असल्याने ही घसरण पुढच्या बाजूपर्यंत पोहोचत होती. मध्यरात्री गेजवर १.० बार असलेला दाब पहाटे ०.७ बारवर आला होता. फ्लोट खाली आला की ऑपरेटर इमाने इतबारे व्हॉल्व्ह उघडून तो पुन्हा जुन्या रेघेवर आणत असे. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर असल्याने तेथील वातावरणाचा दाब अंदाजे ०.९५ बार असतो. तो मिळवून हिशेब केला की निरपेक्ष दाब १.९५ वरून १.६५ वर येतो आणि रेघ तीच असूनही प्रवाह आठ टक्क्यांनी घटलेला असतो. त्या ऑपरेटरने काहीही चुकीचे केले नव्हते. त्याला दिलेली रेघच पहाटे वेगळ्या अर्थाची झाली होती.

आठ टक्क्यांनी काय बिघडते, असे आपण विचाराल. प्रवाह घटला की अमोनिया भट्टीत जास्त वेळ राहतो आणि त्याचे जास्त विघटन होते. पोलादात नायट्रोजन किती जोराने शिरेल हे ज्यावरून ठरते ते नायट्रायडिंग पोटेन्शियल म्हणजे अमोनियाचा आंशिक दाब भागिले हायड्रोजनच्या आंशिक दाबाचा दीड घात. डिसोसिएशन ब्युरेटमध्ये (भट्टीतून बाहेर येणाऱ्या वायूत विघटित वायू किती टक्के आहे हे दाखवणारी काचनळी) ४५ टक्के वाचन असताना हे मूल्य सुमारे २.८ येते आणि वाचन ५० टक्के झाले की २.२ च्या जवळ येते. ब्युरेटवर पाच अंकांचा फरक, आणि पोटेन्शियल बावीस टक्क्यांनी खाली. ब्युरेट वाचण्यात दोन-तीन अंक इकडेतिकडे होणे अगदी सहज घडते, म्हणून हा फरक पुष्कळदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपला माल पास होत आला, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्याचे श्रेय माझ्या मते आपल्या अनुभवी माणसांना आहे, जी दर तासाला ब्युरेट पाहून व्हॉल्व्हला हात लावतात. नियंत्रणाचे काम तीच करतात, रोटामीटर फक्त दाखवतो. ती माणसे निवृत्त होतील तेव्हा हे कौशल्य कोणाकडे जाईल, याची मला खरोखर काळजी वाटते. शिवाय जाड व्हाइट लेयर ग्राइंडिंगने काढून टाकला जात असेल, तर तो खर्च भट्टीच्या नावावर कधीच लिहिला जात नाही.

हीच गोष्ट द्रवांनाही लागू आहे. कार्ब्युरायझिंगमध्ये (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवताना) साइट ग्लासमधून, म्हणजे पाहण्याच्या काचेतून, थेंब मोजून सोडलेला एक लिटर मिथेनॉल भट्टीत विघटित होऊन सुमारे १.६६ घनमीटर वायू देतो, आणि थेंबाचा आकार मात्र द्रवाच्या तापमानाबरोबर बदलतो.

नायट्रोजनच्या पर्जिंगसाठी (भट्टीतील आधीचा वायू बाहेर घालवण्यासाठी) किंवा कूलिंगच्या पाण्यासाठी रोटामीटर पुरेसा आहे, तिथे कंट्रोलर लावणे हा अपव्यय ठरेल. अमोनियाच्या लाइनवरही खर्चाचा क्रम मी असा ठेवेन : आधी चांगला दोन टप्प्यांचा रेग्युलेटर, रोटामीटरशेजारी प्रेशर गेज आणि एकाऐवजी तीन-चार सिलिंडर एकत्र जोडणारा मॅनिफोल्ड, आणि त्यानंतरही मालात चढउतार राहिले तरच कंट्रोलर. तो मागवताना ऑर्डरमध्ये वायू म्हणून अमोनिया, संदर्भ तापमान आणि आवक-जावक दाब स्पष्ट लिहावेत, आणि आतील सील व्हायटन या कृत्रिम रबराचे नाहीत याची लेखी खात्री करून घ्यावी, कारण अमोनियात व्हायटन टिकत नाही.