झिजलेला टायर वेगळा, म्हातारा टायर वेगळा

नमस्कार काका,

शर्यतीच्या टायरचा खर्च कसा आवरावा यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही रागावून प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाला ऑटोक्रॉसचं (मोकळ्या मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळ लावून गाडी पळवण्याचं) वेड लागलंय आणि माझं वाचून तो वापरलेले टायर आणायला निघाला आहे. वापरलेल्या टायरवर शर्यत म्हणजे जिवाशी खेळ, नव्या टायरची पकड नेहमीच जास्त, आणि ज्याला टायर परवडत नाहीत त्याने या खेळात पडूच नये. तुमची काळजी रास्त आहे. शेवटच्या दोन मुद्द्यांशी मात्र मी सहमत नाही. ते तसेच धरून चाललात तर मुलगा नको तिथे पैसे घालवेल आणि नको तिथेच वाचवेल.

आधी पकडीचं बोलू. नव्या टायरवर सात-आठ मिलिमीटर उंचीचे रबराचे ठोकळे असतात. कोरड्या डांबरावर वळण जोरात घेतलं की हे उंच ठोकळे वाकतात, एकमेकांना घासतात, तापतात आणि त्यांचे कोपरे तुटून पडतात. म्हणूनच रस्त्याच्या टायरवर शर्यत करणारे परदेशातले लोक कोरा टायर मशीनवर तासून घेतात. निम्मा झिजलेला पण ताज्या रबराचा टायर कोरड्या डांबरावर नव्यापेक्षा जास्त स्थिर चालतो.

मातीवर हे गणित उलटं होतं. आपल्याकडचे ऑटोक्रॉस बहुतेक वेळा मातीवर, मुरमावर होतात. तिथे ठोकळ्यांनी जमिनीत रुतायला हवं, आणि निम्मा झिजलेला टायर नुसता वरून घसरत जातो. पावसातही तेच, कारण पाणी बाहेर फेकायला खोल खाचा लागतात. त्यामुळे मुलाला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कशावर चालवणार?’ हा. नवा की जुना हे त्यानंतर.

आता ज्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे, ते सांगतो. टायर चालून झिजतो आणि नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. ऊन, हवा आणि ओझोन यांनी रबर कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. दरवेळी चांगला तापून थंड झाला की तो आणखी थोडा कडक होतो. असा टायर दिसायला उत्तम असतो, खाचा भरपूर असतात, आणि वळणावर दगडासारखा सुटतो. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुना टायर शर्यतीला लावायचा नाही हा माझा नियम आहे, मग तो फुकट मिळत असला तरी. साइडवॉलला फुगा, काप, खांद्याजवळ (म्हणजे रस्त्यावर टेकणारा भाग जिथे साइडवॉलला मिळतो त्या कडेजवळ) काढलेलं पंक्चर किंवा रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला), यातलं काहीही दिसलं तर विषय संपला. तिथे एक रुपयाही वाचवायचा नाही.

मग वापरलेला घ्यायचा तो कुठला? ज्याचा इतिहास माहीत आहे तोच. नवी गाडी घेतल्यावर महिन्याभरात अलॉय आणि मोठे टायर घालणारे लोक नाशिकमध्ये कमी नाहीत. त्यांचे कंपनीचे जवळपास कोरे टायर काढून ठेवलेले असतात आणि ओळखीचा टायरवाला ते कुठून आले हे नीट सांगतो. मी लिहिलं होतं ते अशा टायरबद्दल. कोपऱ्यात रचलेल्या निनावी ढिगातून उचलण्याबद्दल नव्हे.

पण काका, खरी बचत खरेदीत होतच नाही. ती गाडी चालवताना आणि हवा भरताना होते, आणि याच भागावर सगळ्यात कमी बोललं जातं.

हवेचंच बघा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने (पंपावर हवा मोजतात त्या एककाने) वाढतो. आपल्याकडे जानेवारीत सकाळी १० अंश असतात आणि दुपारी ३२. म्हणजे सकाळी पेट्रोल पंपावर बरोबर भरलेली हवा गाडी जागची न हलवताही दुपारी चार पीएसआयने चढलेली असते. त्यात फेरीची उष्णता मिळाली की आणखी वर. दाब फार चढला की टायर मधूनच घासतो, कमी असला की वळणावर टायर आडवा पडून खांद्यावर घासतो. म्हणून स्वतःचा चांगला गेज हवा, आणि प्रत्येक फेरी संपल्या संपल्या, टायर गरम असतानाच दाब बघायला हवा. डांबरावर चालवणार असेल तर खडूही जवळ ठेवायला सांगा. टायरच्या खांद्यावरून साइडवॉलपर्यंत खडूची रेघ ओढायची आणि फेरीनंतर ती कुठवर पुसली गेली ते बघायचं. खांद्याच्या कडेपर्यंत पुसली तर ठीक, साइडवॉलवर उतरली तर हवा कमी आहे. अनेक टायरवर त्या जागी बारीक त्रिकोणाची खूणही असते.

दुसरी गोष्ट हातांची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकमध्ये ओढणं, वळणं आणि ब्रेकचा मोठा भार हे सगळं पुढच्या दोन टायरवर येतं. वेग जास्त झाला की पुढची चाकं घसरू लागतात, आणि नवशिका घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवतो. गाडी वळत नाहीच, पण बाहेरचा खांदा किसणीवर घासल्यासारखा उडतो. ब्रेक सरळ रेषेत संपवायचा, चाक घसरतंय असं जाणवलं की स्टिअरिंग किंचित सैल करायचं आणि पकड आली की मग गाडी वळवायची. हे ज्याला जमलं त्याचे टायर जास्त टिकतात, आणि तोच घड्याळातही पुढे असतो.

बाकी गोष्टी किरकोळ, पण पैशाच्या आहेत. शर्यतीचे टायर वेगळ्या रिमवर ठेवायचे, कॉलेजला जाता-येता ते घासायचे नाहीत. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे, अशी वेळेवर अदलाबदल करायची. एकच खांदा घासला असेल आणि टायरची रचना परवानगी देत असेल तर रिमवरून उतरवून उलटा बसवून घ्यायचा. गच्चीवर उन्हात टाकायचे नाहीत, घरात अंधारात ठेवायचे. गाडी अजून ठरायची असेल तर लहान घ्या. अल्टो ८०० चा १४५/८० आर १२ आणि स्विफ्टचा १८५/६५ आर १५ या मापांचे टायर, यांच्या किमती शेजारी ठेवून बघा. आयात टायरच्या मागे लागायला नको. जून २०२० पासून आयातीवर निर्बंध आहेत. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा कोरे देशी टायर घेणंही पूर्वीइतकं जड नाही.

‘परवडत नसेल त्याने पडू नये’ हे वाक्य मात्र मला लागलं. टायर पुरवून वापरणं हा या खेळाचाच भाग आहे. अमेरिकेतल्या एससीसीए या संस्थेच्या ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट वर्गाला २०० पेक्षा कमी ट्रेडवेअरचे (टायर किती टिकेल हे सांगणारा त्यावरचा आकडा), म्हणजे लवकर झिजणारे मऊ टायर चालतच नाहीत. फॉर्म्युला वनमध्येसुद्धा नेहमीच्या शर्यतीला चालकाला कोरड्या ट्रॅकसाठी १३च संच मिळतात. २००५ मध्ये तर शर्यतीत टायर बदलायलाच मनाई होती. त्याच वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर तिथल्या एका बाजूला कललेल्या (बँक केलेल्या) वळणावर टिकणार नाहीत असं दिसलं, आणि त्या टायरवरच्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅप (शर्यत सुरू होण्याआधीची फेरी) करून परत फिरल्या. उरलेल्या सहा गाड्यांत आपला नारायण कार्तिकेयन होता, तो चौथा आला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत संघांनीही टायरची खात्री नव्हती तेव्हा शर्यत सोडली. हेच तुमच्या मुलाने शिकावं असं मला वाटतं. आणि ते त्याने मार्शल, हेल्मेट आणि स्क्रुटिनी (शर्यतीआधी गाडीची तपासणी) असलेल्या मैदानात शिकावं, रात्री गंगापूर रोडवर नव्हे. मध्यमवर्गातल्या पोरांना ‘हा तुमचा खेळ नाही’ म्हणून परत पाठवलं तर ती रस्त्यावरच जातात.

तो टायर घ्यायला जाईल तेव्हा शक्य असेल तर तुम्हीही सोबत जा. पैसे देण्याआधी चारही टायरवरचे ते चार आकडे, दोन्ही बाजूंची साइडवॉल आणि आतलं अस्तर यांचे फोटो मला पाठवा. मी त्याच दिवशी उत्तर देईन, आणि एखादा नको असेल तर तो का नको हेही लिहीन.