‘एजंट म्हणजे दलाल’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या साहित्यिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘नवोदित लेखकांनो, सावधान!’ अशी सुरुवात, पुढे ठोकून दिलेली विधानं आणि शेवटी एक मोबाइल नंबर. सारांश असा: लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणारे एजंट हे दलाल, प्रकाशक ओळखीशिवाय वाचत नाहीत आणि वाचलंच तर कल्पना चोरतात, पैसे सगळेच मोजतात, तेव्हा तुम्हीही मोजा आणि ‘आयएसबीएन व कॉपीराइटसह’ पुस्तक काढून घ्या. मी ठाण्यात बसून लेखकांच्या पुस्तकांचे हक्क विकते, म्हणजे मेसेजच्या हिशेबात दलालच. माझा स्वार्थ कुठे आहे ते सांगून झालं, आता विधानांकडे वळते.

‘एजंट लेखकाच्या कमाईत फुकटचा वाटा मारतो.’ वाटा घेतो, हे खरं. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात तो साधारण १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर २० टक्के असतो. पण तो लेखकाच्या हातात आलेल्या पैशातून. पुस्तक कुणी घेतलंच नाही, तर एजंटाची वर्षभराची खटपट पाण्यात. नुसतं हस्तलिखित वाचायचे पैसे मागणारा कुणी भेटला तर खुशाल उठून चालू लागा. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेची आचारसंहितासुद्धा अशी फी घेऊ देत नाही.

‘मराठीत एजंट नाहीत, कारण प्रकाशकांची लॉबी त्यांना येऊ देत नाही.’ लॉबी कसली घेऊन बसलात, कागद-पेन्सिल घ्या. समजा ३०० रुपयांचं पुस्तक, छापील किमतीवर १० टक्के रॉयल्टी (म्हणजे लेखकाचा वाटा), हजार प्रतींची आवृत्ती. सगळी खपली तर लेखकाला ३०,००० रुपये. त्याचे १५ टक्के म्हणजे ४,५०० आणि तेही आवृत्ती संपेपर्यंत तुकड्यातुकड्यांनी. एवढ्यावर नौपाड्यात गाळ्याचं महिन्याचं भाडंसुद्धा सुटत नाही. म्हणून मराठीतून मराठीत पुस्तक काढायचं असेल तर एजंटाची गरज नाही, असं मी स्वतःच येणाऱ्यांना सांगते. प्रकाशकाला थेट पाठवा. माझं काम सुरू होतं ते पुस्तक इंग्रजीत, दुसऱ्या भारतीय भाषेत, ऑडिओत किंवा वेबसिरीजमध्ये जायची वेळ आल्यावर. तिथे समोरच्या बाजूला वकील बसलेला असतो आणि आपल्या बाजूला बहुतेकदा कुणीच नसतं.

‘ओळखीशिवाय कुणी वाचत नाही.’ पुराव्यादाखल मेसेजात ‘हॅरी पॉटर’वाल्या जे. के. रोलिंग आहेत: बारा प्रकाशकांनी परत पाठवलं, बघा! हे उदाहरण मेसेजवाल्यांनी तरी द्यायला नको होतं. रोलिंगबाईंचं हस्तलिखित प्रकाशकांकडे फिरवत होता तो त्यांचा एजंट, ख्रिस्तोफर लिटल. १९९७ मध्ये ब्लूम्सबरीने काढलेली पहिली पुठ्ठाबांधणीची आवृत्तीही अवघी ५०० प्रतींची होती.

ओळखीने काम होत नाही असं म्हणणारी मी भोळी नाही. पण ‘साभार परत’ येण्याची कारणं पुष्कळदा फार साधी असतात. मेल उघडावी तर पत्र नाही, विषय नाही, फक्त जोडलेली फाइल. ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरवर ‘cÉÆ’च्या जातीच्या चिन्हांची नुसती रांगोळी. कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये पाठवा म्हटलं की उत्तर येतं, ‘ते डीटीपीवाला बघेल.’ किंवा आत्मचरित्र, कवितासंग्रह आणि बालनाट्य एकाच फाइलमध्ये, ‘यातलं हवं ते घ्या’ म्हणून. वर पुस्तक कुणासाठी, याचं उत्तर ‘सर्वांसाठी’. बालसाहित्य काढणाऱ्याकडे शेअर बाजारावरचं पुस्तक गेलं, तर त्यात लॉबीने काय करायचं?

‘कल्पना चोरतात, म्हणून हस्तलिखित स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून ठेवा.’ पोस्टाचे पैसे वाचवा. लिहून झालं की कॉपीराइट तुमचाच असतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि हवीच असेल तर सरकारदरबारी रीतसर करता येते. नुसत्या कल्पनेवर मात्र कुणाचाच हक्क नसतो. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच ते स्पष्ट केलंय.

आता मेसेजचं खरं दुकान: ‘पैसे सगळेच देतात, आम्ही १०० टक्के रॉयल्टी देतो.’ शंभर टक्के कशाचे, हे विचारा. समजा छापील किंमत २५०. वितरक आणि विक्रेत्याचं कमिशन निम्मं धरलं तर उरले १२५. छपाईचे ९० वजा करा, राहिले ३५. ही ती शंभर टक्के. छापील किमतीच्या भाषेत १४ टक्के, म्हणजे पदरचे पैसे घालून पुस्तक काढणारा प्रकाशक देतो साधारण तेवढीच. इथे मात्र तुम्ही आधी, समजा, ४५,००० भरलेत. ते वसूल व्हायला जवळपास १,३०० प्रती खपायला हव्यात, आणि त्या खपवायच्या कुणी, यावर मेसेज मूग गिळून आहे.

पॅकेजमधला ‘आयएसबीएन’ म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. त्याने कुठलाही हक्क मिळत नाही. राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सी तो लेखकालाही देते, तोही मोफत. ‘राष्ट्रीय ग्रंथालयात समावेश’ हेही असंच: १९५४ च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवणं प्रकाशकावर बंधनकारकच आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखं १८९३ पासूनचं वाचनालय पुस्तक विकत घेईल की नाही, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

मला खरी धास्ती करारपत्राची वाटते. ऐरोलीच्या एक निवृत्त शिक्षिका असंच एक करारपत्र घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या पानावर तळाशी, बारीक टाइपात: ‘सर्व भाषांतील व माध्यमांतील हक्क, जगभरासाठी, कायमस्वरूपी.’ बाईंनी पैसेही दिले होते आणि हक्कही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम खरं तर लेखकाच्या बाजूचं आहे: करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच समोरचा तो ‘कायमस्वरूपी’ आवर्जून घालतो. सही करण्याआधी तो शब्द खोडून मुदत आकड्यात लिहून मागा. दोन्ही बाजूंच्या सह्या त्या खाडाखोडीशेजारी घ्या.

स्वतः पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. आयएसबीएन स्वतःच्या नावावर घ्या, मुद्रितशोधक आणि मुखपृष्ठकार वेगळे नेमा, छापखान्याकडून तीनशे प्रतींचा दर काढा. खर्च तुमचा, पण हक्क आणि उरलेल्या प्रतीही तुमच्याच.

मेसेजखालच्या नंबरवर मी फोन करून पाहिला. गेल्या वर्षी दुकानांतून तुमची किती पुस्तकं विकली गेली, असं विचारलं. पलीकडच्या मुलीने ‘मॅडम, पानं किती आहेत?’ म्हणून दरपत्रक पाठवलं. पुस्तक कशावर आहे, हे तिने शेवटपर्यंत विचारलं नाही.