‘तापाच्या सिरपने बाळाच्या हृदयाचं छिद्र बुजतं’ म्हणे!

घरच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: कमी दिवसांच्या बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असं सांगून हॉस्पिटलवाले लाखोंचं ऑपरेशन गळ्यात मारतात, तापाचं साधं सिरप तीन दिवस दिलं की छिद्र हमखास बंद होतं, पण डॉक्टर हे लपवतात. निव्वळ थाप असती तर सोडून दिलं असतं. यात थोडं खरं आहे, म्हणून एकेक मुद्दा बघू.

‘छिद्र’. सिरपचा संबंध आहे तो छिद्राशी नव्हे, डक्टस नावाच्या एका छोट्या रक्तवाहिनीशी. पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, म्हणून तिकडे निघालेलं बरंचसं रक्त या वाहिनीतून थेट महाधमनीत जातं. पूर्ण दिवसांच्या बाळात ती जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटते. सातव्या महिन्यात आलेल्या बाळात पुष्कळदा उघडी राहते. डॉक्टर पीडीए म्हणतात ते हेच. कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल, म्हणजे रिपोर्टवर एएसडी किंवा व्हीएसडी लिहिलं असेल, तर कुठल्याही सिरपचा काडीचा उपयोग नाही.

‘साधं सिरप’. हे मात्र खरं. डक्टस उघडी ठेवतं प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन, आणि ते तयार होणं काही ताप-वेदनेची औषधं रोखतात. 1976 साली इंडोमेथासिनने सुरुवात झाली, मग आयबुप्रोफेन आलं, 2011 नंतर पॅरासिटामॉलही. (गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ब्रुफेन, म्हणजे आयबुप्रोफेनच, घेऊ नका असं सांगतात त्याचं एक कारण हेच: पोटातल्या बाळाची डक्टस वेळेआधी आकसू शकते.)

पण डोस बघा. आयबुप्रोफेन पहिल्या दिवशी किलोमागे 10 मिलिग्रॅम, पुढचे दोन दिवस 5-5. बाळ 900 ग्रॅमचं असेल तर पहिला डोस 9 मिलिग्रॅमचा. नेहमीच्या सिरपच्या 5 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे बाळाला लागतं 0.45 मिली. ते बारीक सिरिंजमध्ये मोजून तोंडातून पोटात गेलेल्या नळीवाटे देतात. घरचा एक चमचा म्हणजे अकरा पट डोस झाला! शिवाय आधी लघवी किती होते, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती, प्लेटलेट किती, मेंदूत रक्तस्राव आहे का, पोट फुगलंय का, हे सगळं पाहावं लागतं; या औषधाने किडनीचा रक्तपुरवठा घटतो, क्वचित आतड्याला भोक पडतं.

‘तीन दिवसांत हमखास’. नाही. काहींना दुसरा कोर्स लागतो, काहींची मिटलेली वाहिनी पुन्हा उघडते. जन्मानंतर जितका उशीर, तितका औषधाचा गुण कमी. पूर्ण दिवसांच्या बाळात तर ही औषधं चालतच नाहीत.

‘डॉक्टर लपवतात’. जे औषध जवळपास पन्नास वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दिलं जातंय ते लपवणार कसं? उलट, आज वाद चाललाय तो औषध जास्त दिलं जातं का, यावर. नेदरलँड्स, बेल्जियम आणि डेन्मार्कमध्ये 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या 273 बाळांवर झालेला अभ्यास 2023 मध्ये आला. मृत्यू, आतड्याचा गंभीर आजार किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार, यांपैकी काहीतरी झालेली बाळं: लवकर आयबुप्रोफेन दिलेल्यांत 63.5 टक्के, नुसती वाट पाहिलेल्यांत 46.3 टक्के. 2024 मध्ये ब्रिटनचा 653 बाळांचा अभ्यास आला. डक्टस किमान दीड मिलिमीटर रुंद असलेल्या बाळांना पहिल्या 72 तासांत औषध दिलं, तरी मृत्यू किंवा फुप्फुसाचा आजार कमी झाला नाही. वाहिनी बंद होते, हे इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसतं. पण तेवढ्याने बाळाचं पुढचं सगळं सुधारतं, असं निघालं नाही.

म्हणून ‘थांबू, दोन दिवसांनी परत इको करू’ असं डॉक्टर म्हणाले तर ती टाळाटाळ समजू नका. हजार ग्रॅमच्या वरच्या बहुतेक बाळांची डक्टस घरी जाण्याआधीच आपोआप मिटते. औषध कधीच नको, असाही याचा अर्थ नव्हे. वाहिनी मोठी आहे, हृदयाचा डावा कप्पा ताणलाय, बाळ व्हेंटिलेटरवरून निघत नाही, अशा वेळी डॉक्टर औषधाचा विचार करतात.

एक गोष्ट मेसेजमध्ये अजिबात नाही, आणि मला सर्वांत जास्त भीती तिचीच वाटते. काही जन्मजात हृदयविकारांत बाळ डक्टसच्या जोरावरच जगत असतं. तिथे ती उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावतात. अशा बाळाला कुणी मेसेज वाचून सिरप पाजलं तर जिवावर बेतेल.

‘लाखोंचं ऑपरेशन’. बॉस्टनमध्ये 1938 साली रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची डक्टस बांधली, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया आहे. पण आज ती पहिला उपाय नाही. स्वरयंत्राची नस अगदी शेजारून जाते, तिला इजा होऊन आवाज बसू शकतो. आता मांडीच्या शिरेतून नळी घालून वाहिनी बंद करणारं छोटं बटण बसवता येतं. अमेरिकेत 2019 मध्ये 700 ग्रॅमच्या बाळापर्यंत त्याला मंजुरी मिळाली. खर्चाची धास्ती मात्र खोटी नाही. महाराष्ट्रात जन्मजात हृदयविकारासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत शस्त्रक्रिया होतात. इकोचा रिपोर्ट घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा.